बेदाणा, बटाटा, हळद: पेशीपटलातलं विसरण घरी आणि शाळेत नीट कसं दाखवावं

तासगावचा बेदाणा रात्री पाण्यात टाकला की सकाळी टम्म फुगतो. हे दाखवायचं, 'परासरण' (पटलातून विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी जाणं) म्हणायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं, अशी वर्गातली रीत आहे. गंमत अशी, की पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, समजावण्यासाठी बेदाणा हे सगळ्यात लंगडं उदाहरण आहे. शेडमध्ये वाळून निघालेल्या बेदाण्यातल्या पेशी मेलेल्या असतात, त्यांची पटलं फाटलेली असतात. पाणी आत शिरतं ते मुख्यतः सालीतून, आणि आतली साखर बाहेर झिरपत राहते. बेदाणा भिजवलेलं पाणी गोड लागतं ते याचमुळे.

बेदाणा टाकून द्या असं नाही. पण कुठलाही प्रयोग मांडण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करायच्या: सरकतंय काय, पाणी की त्यात विरघळलेला पदार्थ, कशातून सरकतंय, आणि ते पटल जिवंत आहे का. खालचे सगळे प्रयोग या तीन प्रश्नांवर तपासत जायचे आहेत. सामान सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही बाजारात मिळेल असं धरलं आहे.

आधी थोडं विसरण

पाण्यातला प्रत्येक रेणू सतत, वाट्टेल त्या दिशेला धडकत फिरत असतो. साखरेच्या रेणूला 'तिकडे साखर कमी आहे' हे कळत नाही. दाट बाजूला रेणू जास्त, म्हणून तिकडून निघणारे जास्त. विरळ बाजूला कमी, म्हणून तिकडून येणारे कमी. दोन्हींच्या वजाबाकीत जे उरतं ते विसरण. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरी ये-जा थांबत नाही, वजाबाकी फक्त शून्य होते. 'समान झालं की हालचाल थांबते' असं उत्तरपत्रिकेत हमखास येतं, आणि ते चूक आहे.

आडॉल्फ फिक यांनी 1855 मध्ये याचं गणित मांडलं. जितका फरक मोठा आणि जितकं अंतर कमी, तितका ओघ जास्त. त्यातूनच वेळेचा हिशेब निघतो: अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. पाण्यातल्या लहान रेणूंसाठी ढोबळ आकडे असे येतात. एका पेशीएवढं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात कापलं जातं. 1 मिलिमीटरला 8 मिनिटं, 1 सेंटिमीटरला 14 तास, 10 सेंटिमीटरला जवळजवळ दोन महिने. तीन मीटरच्या उसात शेंड्याकडची साखर नुसत्या विसरणाने बुडख्यापर्यंत यायची म्हटली तर शतकं जातील. म्हणून उसाला रसवाहिन्या लागतात आणि आपल्याला रक्ताभिसरण.

पेशीपटल हे मेदाच्या रेणूंचं दुहेरी अस्तर असतं, जाडी साधारण 7 ते 8 नॅनोमीटर. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सरळ जातात. पाणी थोडं तसंच जातं. पुष्कळ पेशींत त्यासाठी प्रथिनांच्या खास नळ्या असतात, ॲक्वापोरिन नावाच्या. पीटर ॲग्री यांनी त्या ओळखल्या आणि त्यासाठी 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. ग्लुकोजला वाहक प्रथिन लागतं. सोडियम-पोटॅशियमसारखे विद्युतभारित आयन मेदाच्या थरातून जवळपास जातच नाहीत, त्यांना स्वतंत्र दारं लागतात. पाणी जाऊ शकतं आणि साखर किंवा मीठ सहज जाऊ शकत नाही, या फरकावर परासरण उभं आहे.

हळदीचे ठोकळे: पटलाशिवायचं विसरण

सुरुवात इथून करावी, कारण यात पटलच नाही, नुसतं विसरण आहे. शाळांत यासाठी फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणारं रसायन, वापरतात. सांगलीत त्याची काय गरज? हळद अल्कलीत लालसर तपकिरी होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर.

लागेल ते: अगर-अगर (चायना ग्रास) 4 ग्रॅम, पाणी 200 मिली, हळद पाव चमचा, धुण्याचा सोडा 10 ग्रॅम, पट्टी, पातळ पात्याची सुरी, रबरी हातमोजे.

चायना ग्रास पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. तळाशी दोरे दिसत असतील तर अजून उकळायचं आहे. हळद घालून ढवळा आणि किमान 3 सेंटिमीटर खोलीच्या उभ्या डब्यात ओता. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून मिश्रण घट्ट व्हायला लागेपर्यंत अधूनमधून हलवत राहा. गोठल्यावर 1, 2 आणि 3 सेंटिमीटर बाजूचे ठोकळे कापा. सोडा 200 मिली पाण्यात विरघळवून ठोकळे त्यात पूर्ण बुडवा. 10 मिनिटांनी बाहेर काढा, टिपून घ्या, मधोमध कापा आणि लाल थराची जाडी मोजा.

थर तिन्ही ठोकळ्यांत सारख्याच जाडीचा येतो. समजा तो 2 मिलिमीटर आला, तर 1 सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा 78 टक्के भाग लाल झालेला असतो, 2 सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा 49 टक्के आणि 3 सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा फक्त 35 टक्के. पेशी लहान का असतात, हे यापेक्षा स्वस्तात समजावता येत नाही. तेच आणखी एका ठोकळ्यावर 40 मिनिटं करा. वेळ चौपट, थर मात्र साधारण दुप्पट. फिकचं गणित पट्टीवर मोजून मिळतं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. खायचा सोडा वापरला तर तो पुरेसा अल्कधर्मी नसतो, रंग नीट बदलत नाही. सुरी प्रत्येक कापानंतर पुसली नाही तर पात्याला लागलेला सोडा आत ओढला जातो आणि थर जाड दिसतो. हळद जास्त झाली तर सगळंच गडद दिसतं आणि सीमा कळत नाही. धुण्याच्या सोड्याने त्वचा चुरचुरते, मोजे घालूनच काम करा.

बटाटा: खरा प्रयोग हा

एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा. पेशी जिवंत, निकाल आकड्यांत, आणि शेवटी बटाट्याच्या पेशीतलं द्रावण किती दाट आहे हेही निघतं.

मीठ वापरलं तरी चालतं, पण साखर बरी. मिठाचे आयन हळूहळू पेशीत घुसतात, साखर फारच कमी. साखरेची पाच द्रावणं करायची, प्रत्येकी 200 मिली: 6.8, 13.7, 20.5, 27.4 आणि 34.2 ग्रॅम साखर. म्हणजे अनुक्रमे 0.1 ते 0.5 मोलर (लिटरभर द्रावणात 342 ग्रॅम साखर म्हणजे 1 मोलर). सहावा पेला साध्या पाण्याचा. सगळ्यात जास्त चूक होते ती इथे: 200 मिली पाण्यात साखर टाकायची नाही. साखर थोड्या पाण्यात विरघळवायची आणि *मग* एकूण 200 मिली होईपर्यंत पाणी भरायचं. नाहीतर दाट द्रावणं ठरवल्यापेक्षा विरळ होतात आणि आलेख वाकडा येतो.

बटाटा एकच मोठा घ्या, कडक, कोंब न आलेला. कोंब आलेल्या किंवा बराच काळ शीतगृहात राहिलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर झालेली असते, पेशीरस दाट होतो आणि निकाल सरकतो. साल पूर्ण काढा, सालीचा बुचासारखा थर पाणी अडवतो. 5 सेंटिमीटर लांब, 1 सेंटिमीटर रुंद आणि 1 सेंटिमीटर जाड अशा कांड्या कापा, प्रत्येक पेल्यासाठी तीन. कापल्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, उघड्यावर त्या वाळतात आणि सुरुवातीचं वजनच खोटं येतं.

वजनाचा प्रश्न मोठा आहे. एक कांडी साधारण साडेपाच ग्रॅमची. तिच्यात 10 टक्के फरक पडला तरी तो अर्धा ग्रॅम, आणि स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली बोलत नाही. त्यासाठी 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा सोन्याचा काटा हवा. विट्याकडे, जिथे गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा घराघरांत आहे, तो शेजाऱ्याकडेही मिळेल. नसेलच तर एका पेल्यात सहा कांड्या ठेवून सगळ्यांचं वजन एकदम करा, म्हणजे फरक तीन-चार ग्रॅमचा होतो आणि साध्या काट्यावर दिसतो. पेल्यात सहा कांड्या घेतल्या तर द्रावण 300 मिली करा, साखरही दीडपट. द्रावण कमी पडलं तर कांड्यांतून निघालेल्या पाण्याने त्याचीच दाटी बदलते.

कांड्या टिपकागदाने हलक्या हाताने टिपा, वजन नोंदवा, पेल्यात सोडा. दोन तास थांबा. तासाभरात फरक दिसतो, पण नेमका आकडा हवा तर दोन तास. रात्रभर ठेवू नका, साध्या पाण्यातल्या कांड्या बुळबुळीत व्हायला लागतात आणि जिवाणूंचं काम तुमच्या आकड्यांत मिसळतं. काढल्यावर सगळ्या कांड्या सारख्याच पद्धतीने टिपा. एका मुलाने दाबून टिपायचं आणि दुसऱ्याने नुसतं लावायचं, एवढ्याने दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. टिपायचं काम एकाच हाताला द्या.

मग शेकडा बदल काढा: शेवटचं वजन वजा सुरुवातीचं वजन, भागिले सुरुवातीचं वजन, गुणिले 100. आडव्या अक्षावर साखरेची दाटी, उभ्या अक्षावर बदल. साध्या पाण्यात कांड्या जड आणि ताठ होतात, दाट द्रावणात हलक्या आणि लुळ्या. आलेख शून्याची रेघ जिथे ओलांडतो ते समपरासारी द्रावण, बटाट्यात बहुधा 0.25 ते 0.35 मोलरच्या दरम्यान. त्याच्या डावीकडची द्रावणं अवपरासारी, उजवीकडची अतिपरासारी. पाठ्यपुस्तकातले हे तीन शब्द पाठ करण्यापेक्षा आलेखावर बोट ठेवून शिकवले की विसरत नाहीत.

आता तिसरा प्रश्न, पटल जिवंत आहे का? एक कांडी दोन-तीन मिनिटं उकळून थंड करा आणि साध्या पाण्यात ठेवा. ती ताठ होणार नाही. पेशीभित्ती जागेवर आहे, स्टार्च जागेवर आहे, पण उष्णतेने पेशीपटल फाटलं. पाणी अडवून आतून दाब धरायला आता कुणी नाही. बिटाच्या चकत्यांवर हेच रंगात दिसतं: कापलेल्या चकत्या नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, काही गार पाण्यात आणि काही 60-65 अंशांच्या पाण्यात ठेवा. गार पाणी जवळपास तसंच राहतं, गरम पाणी लालभडक होतं. धुणं टाळलं तर दोन्ही पाणी लाल होतं, कारण कापताना फुटलेल्या पेशींचा रंग आधीच मोकळा झालेला असतो.

कांदा सूक्ष्मदर्शकाखाली

सूक्ष्मदर्शक असेल तर हा प्रयोग सोडू नये. लाल कांदाच घ्या. लोणंदच्या बाजारात त्याची वाण नाही. पांढऱ्या कांद्यात आकसलेला भाग दिसतच नाही. पापुद्र्याच्या बाहेरच्या, रंगीत बाजूची पातळ साल चिमट्याने ओढा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, आच्छादक काच ठेवा. आधी साध्या पाण्यातल्या पेशी बघून चित्र काढा. मग काचेच्या एका कडेला 5 टक्के मिठाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढून घ्या. पाच-दहा मिनिटांत जांभळा भाग पेशीभित्तीपासून सुटून आकसतो. हा रससंकोच. त्याच पद्धतीने साधं पाणी ओढलं की बऱ्याच पेशी पुन्हा भरतात. ज्या भरत नाहीत त्या मेल्या. उलट फिरणारा परिणाम हा पटल जिवंत असल्याचा सगळ्यात चांगला पुरावा.

अंडं आणि काकवी

मुलांना हा सगळ्यात आवडतो. कच्चं अंडं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 24 ते 36 तास ठेवा, मध्ये एकदा व्हिनेगर बदला. कवचातला कॅल्शियम कार्बोनेट विरघळतो, बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. उरलेला भुसा नळाखाली हलकेच चोळून काढा. आता ते अंडं एक दिवस काकवीत ठेवा. कराड, शिराळ्याकडे गुऱ्हाळं चालू असतात त्या दिवसांत काकवी सहज मिळते, नाहीतर साखरेचा दाट पाक. अंडं आकसून पिशवीसारखं लोंबतं. मग पाण्यात ठेवलं की एका दिवसात फुगतं. आधी आणि नंतर वजन नोंदवा. अंडं कच्चं असतं, हात साबणाने धुवा आणि फुटल्यास लगेच पुसा.

मात्र इथे जे पटल आहे ते कवचाखालचा प्रथिनांच्या धाग्यांचा पापुद्रा आहे, पेशीपटल नव्हे. 'हे पेशीपटलासारखं वागतं' असं म्हणा, 'हे पेशीपटल आहे' असं नको.

पुन्हा बेदाण्याकडे, पण द्राक्षापासून

बेदाण्यातलं खरं शिकण्यासारखं भिजवण्यात नाही, वाळवण्यात आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून बेदाणा उत्पादक घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. नेहमीचं प्रमाण लिटरला 25 ग्रॅम कार्बोनेट आणि 15 मिली इथाइल ओलिएट, म्हणजेच ते डिपिंग ऑइल. त्याने मेणाची रचना बदलते, पाण्याला वाट मिळते, आणि शेडमधल्या जाळ्यांवर साधारण पंधरा-वीस दिवसांत माल वाळतो. चार किलोच्या आसपास द्राक्षांचा एक किलो बेदाणा. घरी दाखवायचं तर एक घड तसाच आणि एक बुडवून, शेजारी-शेजारी सावलीत टांगा आणि रोज वजन करा. ही वाट पेशीपटलातली नाही, मेणातली आहे, हे आधीच सांगून ठेवा.

परासरण दाखवायला ताजं पिकलेलं द्राक्ष चांगलं. देठ न तोडता, साल अखंड असलेले मणी पाण्यात ठेवा आणि काही तास बघत राहा, काही मणी तडकतात. आत 18-20 टक्के साखर, बाहेर नुसतं पाणी. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की पलूस-मिरजेकडच्या बागांत मणी का फुटतात, याचं मोठं कारण हेच.

शेतातलं परासरण

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत ऊस पाण्यात उभा असतो आणि तरी दुपारी मान टाकतो. बटाट्याच्या आलेखाची उजवी बाजू म्हणजे हीच. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. या आकड्याला 0.36 ने गुणलं की परासरण दाब साधारण वातावरणदाबात मिळतो. 4 ला सुमारे 1.4. मुळाला पाणी ओढताना तेवढी जास्तीची ओढ लावावी लागते. माती अर्धी सुकली की तेच क्षार अर्ध्या पाण्यात येतात, आकडा दुप्पट होतो. म्हणून पाण्याच्या दोन पाळ्यांत फार अंतर पडलं तर पीक मार खातं. पण नुसतं पाणी वाढवलं तर भूजल वर येतं आणि क्षारही घेऊन येतं. आधी निचरा, मग पाणी, हा क्रम बदलता येत नाही. रोपाच्या बुडाशी खताची मूठ पडून 'खत लागलं' म्हणतात तेही हेच. अशा वेळी लगेच भरपूर पाणी देऊन मातीतलं द्रावण विरळ करायचं.

जे यातल्या कुठल्याच पेल्यात दिसत नाही

वरच्या कुठल्याही प्रयोगात पेशीने ऊर्जा खर्चून काही ओढलेलं नाही. सोडियम-पोटॅशियम पंपासारखी यंत्रणा उतारावरून नव्हे तर चढावर माल नेते, आणि ती घरी दाखवता येत नाही. पण तिचा उपयोग घरी होतो, जुलाबात दिलेल्या ओआरएसमध्ये, म्हणजे क्षार आणि ग्लुकोजच्या पाण्यात. आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीने आत घेतात, आतलं सोडियम पंपाने पुढे रक्ताकडे काढलं जातं, आणि पाणी परासरणाने मागोमाग येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात लिटरमागे मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. एकूण दाटी लिटरला 245 मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं एकक), रक्ताच्या साधारण 290 पेक्षा मुद्दाम कमी. आधीचं सूत्र 311 चं होतं.

लिटरचं पाकीट 'स्ट्राँग व्हावं' म्हणून अर्ध्या लिटरात कालवलं तर दाटी 490 होते. मग पाणी आतड्यातून रक्तात जाण्याऐवजी उलटं आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. त्यात वरून साखर घातली तरी तेच. बाजारात 200 मिलीची छोटी पाकिटंही असतात, तेव्हा पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचून, मोजून, तेवढंच घ्या. कालवलेलं 24 तासांत उरलं तर टाकून द्या.